फोनवर नको

‘फोनवर नको. चहाला या.’

महसूल खात्यातला माझ्या ओळखीचा एक अव्वल कारकून गेली काही वर्षं मला एवढंच सांगतो. पूर्वी तो भरभरून बोलायचा. जेवणाच्या सुट्टीत फोन यायचा. वाळूच्या ठेक्यात कागदावर किती ब्रास दाखवली, नदीतून किती उचलली, पंचनाम्यावर कुणाकुणाच्या सह्या घरबसल्या झाल्या, हे सगळं तो भाजीचे भाव सांगावेत तसं सांगून टाकायचा. मी जिल्हा वार्ताहर. माझ्या निम्म्या बातम्यांचं मूळ त्या फोनात होतं. मग कधीतरी तो ‘व्हॉट्सॲपवर करा’ म्हणू लागला. २०२१ च्या जुलैत पेगसस या फोनमध्ये शिरणाऱ्या पाळतीच्या सॉफ्टवेअरच्या बातम्या आल्या आणि तेही थांबलं. इस्रायली कंपनीचं ते महागडं हत्यार तुझ्यावर कोण कशाला वाया घालवेल, असं मी हसत म्हटलं. तो हसला नाही. म्हणाला, ‘माझ्यावर नाही हो साहेब. तुमच्यावर असलं तर?’

आहे का माझ्यावर पाळत? मला नाही वाटत. माझी तेवढी पत नाही. पण हे मी त्याला कशाच्या आधारावर सांगणार?

आणीबाणीत मी दहा वर्षांचा होतो. वडील शाळामास्तर, राष्ट्र सेवा दलातले. त्यांचे एक मित्र ‘मिसा’खाली येरवड्यात होते, त्यामुळे आमच्या टपालाकडे कुणाचं तरी लक्ष असायचं. पत्र आलं की वडील आधी ते खिडकीपाशी उजेडात धरून बघत. पाकिटाच्या कडेला खळीचा दुसरा थर दिसला की आईला म्हणत, ‘त्यांचं वाचून झालंय, आता आपण वाचू.’ त्यातलं एक पाकीट अजून माझ्याकडे आहे. आतल्या पत्रात पावसाखेरीज काही नाही. सगळे तेव्हा पावसाबद्दलच लिहीत. पण कडेचा तो थर बोटाला अजूनही लागतो. कुणीतरी उघडलं होतं, याचा तो पुरावा.

फोनला खळ लागत नाही.

१९१६ मधली एक गोष्ट मला हल्ली राहून राहून आठवते. बेळगाव आणि अहमदनगरला टिळकांची स्वराज्यावर भाषणं झाली. पोलिसांचे लघुलेखक सभेत बसून ती उतरवून घेत होते. त्या टिपणांच्या जोरावर २३ जुलैला, साठाव्या वाढदिवशीच, गायकवाड वाड्यात नोटीस आली. पुढे मॅजिस्ट्रेटनं हुकूम दिला: वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन. टिळकांच्या बाजूनं बॅरिस्टर जिना उभे राहिले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी सुट्या वाक्यांवर न जाता भाषणं सलग वाचली आणि ९ नोव्हेंबरला हुकूम रद्द केला. परक्या सरकारचे गोडवे मला गायचे नाहीत. आठच वर्षांपूर्वी याच न्यायालयात याच माणसाला सहा वर्षांची शिक्षा झाली होती. तरीही पाळतीची वही तेव्हा न्यायालयाच्या टेबलावर यावी लागली. ज्याच्यावर पाळत होती त्याच्या वकिलाला ती उलटतपासता आली. इतकंच नाही, स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं आपल्याच दप्तरातले ते गुप्त अहवाल स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधनं म्हणून छापले. हेरांच्या नोंदी आज अभ्यासकांच्या टेबलावर आहेत.

आजच्या नोंदींचं काय होतं, ते नियमांतच लिहिलेलं आहे. फोन ऐकायची मुभा आधी १८८५ च्या तार कायद्यात होती. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की फोन ऐकायचा तर गृहसचिवाचा लेखी हुकूम हवा आणि त्या हुकुमाची तपासणी एका समितीनं करावी. न्यायाधीशाची आगाऊ परवानगी मात्र न्यायालयानं सक्तीची केली नाही. समितीत सचिवच. म्हणजे सचिवानं दिलेला हुकूम सचिवांनीच तपासायचा. २००७ च्या नियमांनी समितीला दोन महिन्यांतून एकदा बसायला सांगितलं, आणि या हुकुमांच्या नोंदी, कामासाठी लागणार नसतील तर, दर सहा महिन्यांनी नष्ट करायला सांगितल्या. २०२४ मध्ये नवे नियम आले. सहा महिने तसेच राहिले. याचं कारण माणसाची खासगी माहिती पडून राहू नये हे, आणि ते खोटं नाही. पण संभाषणाबरोबर ते ऐकायचा हुकूमही जातो. कुणी, कुणाविरुद्ध, कशासाठी दिला, सगळं.

हुकूम तरी किती? केंद्रीय गृहखात्यानं माहितीच्या अधिकारात एकदा, २०१३ साली, उत्तर दिलं होतं: महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,०००. हे फक्त केंद्राचे, राज्यांचे वेगळे. त्यावरून न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनं २०१८ च्या अहवालात दाखवून दिलं की सचिवांच्या समितीपुढे एका बैठकीला १५,००० ते १८,००० हुकूम येतात. (श्रीकृष्ण म्हणजे मुंबईच्या दंगलींची चौकशी करणारे तेच.) मी मास्तरांचा मुलगा, त्यामुळे हिशेब केल्यावाचून राहवलं नाही. सचिवांनी चहासुद्धा न घेता सलग आठ तास काम केलं, तरी एका हुकुमाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. आमच्या तहसीलमध्ये सातबाऱ्यावर शिक्का मारायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

पाळतीवरून राज्यकर्त्यांना जाब विचारायची, निदान विचारल्यासारखं करायची, आपल्याकडे एके काळी रीत होती. १९८८ मध्ये फोन टॅपिंगच्या आरोपावरून कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे पायउतार झाले. १९९१ च्या मार्चमध्ये हरियाणाचे दोन पोलीस दिल्लीत राजीव गांधींच्या घराबाहेर पाळतीवर सापडले आणि चंद्रशेखर सरकार गेलं. तो काँग्रेसनं शोधलेला बहाणा होता, हे शेंबडं पोरही सांगेल. पण बहाणा म्हणून तो चालला, कारण पाळत ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. शिवाय ते दोघे हाडामांसाचे होते, पकडता येत होते.

पेगससमध्ये पकडायला कुणीच नव्हतं. कंपनी म्हणते, आम्ही फक्त सरकारांना विकतो. सरकारनं घेतलं की नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं विचारलं. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन सरकारनं थेट उत्तर टाळलं. न्यायालयानं समिती नेमली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये समितीनं कळवलं की २९ फोन तपासले, त्यातल्या पाचांत घातक सॉफ्टवेअर मिळालं, ते पेगससच आहे असं खात्रीनं सांगता येत नाही, आणि सरकारनं सहकार्य केलं नाही. पुढे कुणाची खुर्ची हलली नाही. आपल्या राज्यातही राजकीय नेत्यांचे फोन भलत्याच नावांखाली, अमली पदार्थ विकणारे म्हणून दाखवून ऐकले, अशा तक्रारींवरून २०२२ मध्ये गुन्हे नोंदले गेले. सरकार बदललं, आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं ते रद्द केले. खरं काय, खोटं काय, ते ज्याचं त्याला ठाऊक.

कारकुनाला हे आकडे माहीत नाहीत. त्याला एवढंच कळतं की आपण बोललो ते कुणी ऐकलं तर आपल्याला ते कधीच कळणार नाही. कळेल ती थेट बदली. म्हणून तो गप्प बसतो. तुम्ही म्हणाल, माहितीचा अर्ज टाका, दहा रुपयांत काम होतं. टाकतो ना. पण अर्जात नेमकं काय मागायचं, कुठली फाईल, कुठल्या तारखेचा पंचनामा, हे आधी आतला माणूसच सांगतो. शिवाय २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या पोटकलमातूनच जनहिताचा अपवाद काढून टाकला. पंचनाम्यावरची सही आता वैयक्तिक ठरवता येते. त्याच कायद्यात सरकारला आपल्या यंत्रणांना कायद्याबाहेर ठेवायची मुभाही आहे. हे मसुदे लिहिणाऱ्याच्या कौशल्याला दाद द्यावी लागेल.

मागच्या मंगळवारी आम्ही भेटलो, एसटी स्टँडमागच्या टपरीवर. तो फोन घरी ठेवून आला होता. माझा त्यानं स्कूटरच्या डिकीत ठेवायला लावला. मग बोलला. नदीच्या नव्या घाटाबद्दल पाऊण तास बोलला. मी वही काढली तर म्हणाला, ‘लिहू नका.’ मी वही मिटली. घरी आल्यावर काही तरी नोंद हवी म्हणून उघडली, बराच वेळ पेन हातात धरून बसलो. शेवटी तारीख घातली आणि खाली लिहिलं: चहा दोन, वीस रुपये.