पावणेनऊशे किलोमीटर

मुंबई आणि कराची यांच्यातले हवाई अंतर सुमारे पावणेनऊशे किलोमीटर आहे. मुंबईहून दिल्ली याहून लांब पडते. थेट विमान होते तेव्हा दीड-पावणेदोन तासांत कराची गाठता येई. गर्दीच्या वेळी घाटकोपरहून बोरिवलीला बसने जायलाही तेवढाच वेळ लागतो.

भूगोलाच्या तासाला नकाशावरचे अंतर मोजायला मी मुलींना दोरा देते. एकदा एकीने तो मुंबईवरून थेट कराचीवर नेला आणि म्हणाली, "टीचर, ये तो कितना नजदीक है!" तिचे माप अगदी बरोबर होते.

१९३६पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन एका लहानशा पस मॉथ विमानातून सकाळी कराचीहून निघाले, अहमदाबादला पेट्रोल भरून दुपारी जुहूला उतरले. आपल्या अंधेरीजवळचेच हे जुहू. सकाळी कराचीतून निघालेली पत्रे दुपारी मुंबईत होती.

माझी मोठी खाला १९६३ साली लग्न होऊन बोटीने कराचीला गेली. रत्नागिरीकडच्या कित्येक घरांतले कोणी ना कोणी तिकडे होतेच, त्यामुळे ते कोणाला परदेश वाटले नाही. १९६५च्या युद्धानंतर मात्र वाटा आखडत गेल्या. व्हिसाच्या कागदांसाठी मुंबईच्या माणसाला दिल्लीकडे पाहावे लागले, म्हणजे कराचीला जायचे तर आधी उलट दिशेला जा! फेब्रुवारी २००६मध्ये मुनाबाव-खोखरापार मार्गे थार एक्स्प्रेस सुरू झाली. दोन वर्षांनी अम्मी बोरिवलीहून जोधपूर आणि तिथून त्या गाडीने बहिणीकडे गेली. पंचेचाळीस वर्षांनी दोघी भेटल्या. अम्मी सांगते, पहिला दिवस नुसता एकमेकींचे हात धरून बसण्यात गेला.

२०१७मध्ये मुंबई-कराची थेट विमान बंद झाले, ऑगस्ट २०१९मध्ये थार एक्स्प्रेसही थांबली. उरली दुबईची वाट. मुंबई-दुबई साधारण एकोणीसशे आणि दुबई-कराची बाराशे किलोमीटर. पावणेनऊशेचे एकतीसशे झाले. एप्रिल २०२५मध्ये पहलगामला निरपराध माणसांची हत्या झाली. त्यानंतर अटारी-वाघा बंद झाले, व्हिसा थांबले आणि दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. त्याच पावसाळ्यात खालाचा इंतकाल झाला. अम्मीने मय्यतीचे शेवटचे दर्शन मोबाईलवर घेतले. मधेच नेटवर्क गेले. ती जानमाजवर बसून राहिली, मग म्हणाली, "विमानाने दीड तासाचाच तर रस्ता होता."

दहशतवादाची चीड आम्हालाही आहे आणि देशाच्या सुरक्षेपुढे आमचा हट्ट नाही. पण ज्यांनी कोणाचे काही बिघडवले नाही, अशा म्हाताऱ्या बहिणींचा विचार कुठे तरी व्हायला हवा. तो एकदा झालाही होता. २०१२च्या व्हिसा करारात पासष्ट वर्षांवरील माणसांना अटारी-वाघा येथे पोहोचल्यावर व्हिसा देण्याची तरतूद होती. अमलात येता येताच ती थांबली. आजारपण आणि मय्यत यांच्यापुरती तरी अशी एखादी वाट उघडी असावी. एवढे मागणे दोन्ही सरकारांना जड वाटू नये.