कच्चे इंजिन आणि एम.ए. झालेले आम्ही

मागच्या १४ एप्रिलच्या रॅलीत आमच्यामुळे एका पोराचे मनगट मोडले. वर्षभर यावर लिहायचे टाळले. आता लिहितो आहोत.

आमचे वडील मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांच्या माघारी त्यांची राजदूत १७५ हुडकेश्वरच्या घरी नऊ वर्षे उभी होती. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची ही टू-स्ट्रोक गाडी, मूळ पोलंडच्या एसएचएल मोटारसायकलवरून घेतलेली. वस्तीतल्या मिस्त्रीकाकांनी इंजिन नव्याने बांधले. बोअर मारला, एक साईज मोठा पिस्टन टाकला, रिंगा, बेअरिंग, ऑइल सील सगळे नवे. गाडी हातात देताना म्हणाले, "सर, इंजिन कच्चं हाय. पाचशे किलोमीटर होईस्तोर चाळीसच्या वर नोका जाऊ. अन् रॅलीत तर नेऊच नोका."

आम्ही मान डोलावली आणि नव्वदाव्या किलोमीटरलाच गाडी रॅलीत नेली.

मागे आमच्या अभ्यासवर्गातला एकोणीस वर्षांचा मुलगा निळा झेंडा घेऊन बसला होता. मानेवाड्यापासून तुकडोजी पुतळ्यापर्यंत तासभर पहिल्या गिअरमध्ये रांगत गेलो. एप्रिलचे नागपूर, हवेवर थंड होणारे इंजिन आणि हवाच नाही. शेजारची पोरे सायलेन्सर फोडत होती, तशी आम्हीही रेस देत होतो (वय पस्तीस!). मेडिकल चौकानंतर रस्ता मोकळा झाला आणि आम्ही थ्रॉटल पूर्ण पिळला. पिस्टनने सिलिंडर पकडला, मागचे चाक जागीच लॉक झाले. आम्हाला खरचटले. मुलगा हातावर पडला.

तो आयटीआयला फिटर ट्रेडमध्ये शिकत होता. मनगट प्लास्टरमध्ये, म्हणून प्रात्यक्षिक परीक्षा हुकली आणि वर्ष गेले.

चाळीसगावची १९२९ची घटना आपण सगळे सांगतो. बाबासाहेबांना टांग्यात बसवून न्यायला टांगेवाला तयार होईना. पाहुण्याचा मान राहावा म्हणून वस्तीतल्याच एकाने लगाम धरला, त्याने आधी टांगा कधी हाकला नव्हता. टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनीच हे लिहून ठेवले आहे. पण त्या माणसाला कुणी कधी शिकू दिले नव्हते. आम्हाला मात्र आमच्याच वस्तीतला जाणकार समोर उभा राहून सांगत होता, आणि आम्ही ऐकले नाही.

का ऐकले नाही? सांगणाऱ्याचे हात काळे होते म्हणून. जातिव्यवस्था ही श्रमिकांची विभागणी आहे यावर आम्ही एम.ए.ला पानेच्या पाने लिहिली, आणि फिटरचा मुलगा असून मिस्त्रीचे बोलणे 'गॅरेजवाल्याची सवय' म्हणून सोडून दिले. आपल्या चळवळीत प्राध्यापक व्यासपीठावर असतो, अधिकारी असतो, वेल्डर मंडप बांधून खाली बसतो. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्यांच्या मुलांना तांत्रिक शिक्षण मिळावे, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ म्हणून घ्यावे, अशी मागणी केली होती. ती मागणी आपल्या भाषणांत कितीदा येते?

जानेवारीत इंजिन पुन्हा बांधले. सिलिंडरला ओरखडे पडले होते म्हणून बोअर आणखी मोठा करावा लागला. काका संतापले, "सर, तुमाले एम.ए.ची डिग्री कोणं देल्ली?" मग त्यांनी सिलिंडरच्या आत बोट फिरवायला लावले. भिंत गुळगुळीत नसते. होनिंगच्या बारीक तिरप्या रेघा मुद्दाम ठेवलेल्या असतात, त्यात ऑइल धरते आणि नवी रिंग घासत घासत आपली जागा करते. तोवर घर्षण जास्त, म्हणून ताप जास्त. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर पिस्टन जास्त फुगतो, मधली फट भरते, ऑइलचा थर फाटतो.

पण नुसते हळू चालवणेही चूकच. एकाच वेगाने रांगवली तर रिंगा बसत नाहीत, भिंतीवर काचेसारखी चकाकी चढते आणि गाडी जन्मभर धूर ओकते. (वीस वर्षे नुसती चिंतन शिबिरे घेणाऱ्यांची आठवण झाली.) म्हणून वेग पंचवीस ते चाळीसमध्ये बदलत ठेवायचा, वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कण्हू द्यायचे नाही, पंधरा-वीस किलोमीटरनंतर थांबून थंड होऊ द्यायचे. आणि सक्करदऱ्याच्या उड्डाणपुलावरून उतरताना गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण बंद करायचा नाही. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येते. पेट्रोल थांबले की ऑइलही थांबते, इंजिन मात्र चाकाबरोबर फिरतच राहते. दोन बोटे कायम क्लचवर.

पहाटे साडेपाचला उमरेड रोडने निघतो. मागे तोच मुलगा असतो. त्याच्या आईने आधी नाही म्हटले होते, ते बरोबरच होते. तो स्वतः काकांना विचारून आला. वहीत किलोमीटर, थांबण्याची वेळ, प्लगचा रंग लिहितो. प्लग काळा की तपकिरी यावर आमचे भांडण होते, आणि बहुतेक वेळा तोच बरोबर निघतो. मनगट अजून पूर्ण वळत नाही. पाना डाव्या हाताने फिरवतो. परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरला आहे.

काल वहीत ४१२ किलोमीटर झाले. १४ एप्रिलपर्यंत पाचशे होतील असे वाटत नाही. घाईने पूर्ण करू का, असे काकांना विचारले. त्यांनी उत्तरच दिले नाही. यंदा संविधान चौकात आम्ही दोघे पायी येऊ.