चिंचोक्यांचं स्वयंवर

इंदूरच्या सिरपूर तलावावर पावसाळ्यात कमळपक्ष्याची मादी एका नराच्या घरट्यात चार अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं हे सगळं काम नराचं. मादी आकारानं मोठी आणि नरांसाठी दुसऱ्या माद्यांशी भांडणारी. बारावीच्या वर्गात हे नुसतं सांगितलं, तर मागच्या बाकांवर खसखस पिकते, पुढच्या बाकांवरच्या माना खाली जातात आणि विषय कसाबसा उरकला जातो. फार वाईट वाटतं, कारण उत्क्रांती समजून घ्यायला याहून चांगलं दार नाही. म्हणून प्राणिशास्त्रातला हा भाग मी खेळातून शिकवते.

सामान साधं: चिंचोके, रंगीत कागदाच्या पट्ट्या, खडू. नर कोण, मादी कोण, हे चिठ्ठ्या ठरवतात. मुलीला नराची चिठ्ठी येते, मुलाला मादीची, आणि अर्धा संकोच तिथेच गळून पडतो. प्रत्येकाकडे सारखेच चिंचोके. ती त्याची शक्ती. पहिल्या फेरीत एका पिल्लासाठी मादीला पाच चिंचोके मोजावे लागतात, नराला एक. नर भेटेल तिच्यापुढे हात करतात; माद्या पारखून घेतात, नकार देतात. दुसऱ्या फेरीत हिशेब उलटवायचा. आता पाच चिंचोके नराचे जाणार! तीच मुलं, तोच वर्ग, पण चोखंदळपणा पलीकडच्या बाजूला जातो. पिल्लामागे ज्याचा खर्च जास्त तो निवड करतो आणि ज्याचा कमी तो स्पर्धा करतो, हे रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी 1972 साली मांडलं. सिरपूरचा कमळपक्षी म्हणजे ही दुसरी फेरी. सिरपूर 2022 पासून रामसर पाणथळ आहे, पण त्याची खरी श्रीमंती अशा नात्यांमध्ये आहे असं मला वाटतं.

तिसरा खेळ दगड-कागद-कात्रीचा, आणि सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो यालाच. कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या सरड्यात तीन तऱ्हांचे नर असतात. नारिंगी गळ्याचे दांडगे, मोठी हद्द बळकावून अनेक माद्या राखणारे. निळ्या गळ्याचे लहान हद्दीत राहून आपल्या मादीवर पहारा ठेवणारे. पिवळ्या गळ्याचे नर मादीसारखे दिसतात, त्यांना हद्दच नसते. ते गुपचूप शिरतात. नारिंगी निळ्याला हुसकावतो, निळ्याच्या पहाऱ्यापुढे पिवळ्याचं चालत नाही, आणि नारिंग्याचा पसारा एवढा मोठा की पिवळा त्यात सहज घुसतो. बॅरी सिनेर्वो आणि कर्टिस लाइव्हली यांनी 1996 साली हे चक्र प्रसिद्ध केलं.

वर्गात गळ्याला पट्ट्या बांधायच्या आणि जोड्या लावायच्या. हरणाऱ्यानं पुढच्या फेरीत जिंकणाऱ्याचा रंग घ्यायचा. तीच नवी पिढी. सुरुवातीला नारिंगी जास्त ठेवले की पिवळे वाढू लागतात, पिवळे फार झाले की निळ्यांना दिवस येतात, मग पुन्हा नारिंगी. प्रत्येक फेरीचे आकडे फळ्यावर मांडले की तीन रेघा एकमेकींना ओलांडत जातात. ‘सर्वात चांगला नर कोणता?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आजूबाजूला कोण जास्त आहे यावर ते ठरतं. वर्ग लहान असेल तर एखादा रंग संपूनही जातो आणि चक्र मोडतं. खऱ्या सरड्यांच्याही काही वस्त्यांमधून पिवळा प्रकार नाहीसा झालेला आहे.

प्राण्यांच्या झुंजींना असं खेळाचं गणित लावणारे जॉन मेनार्ड स्मिथ हे जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांचे विद्यार्थी. हाल्डेन 1957 साली भारतात आले आणि इथलेच झाले.

दुबळ्या नराचं काय, हे मुलं हमखास विचारतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2020 साली त्याचं एक सुरेख उत्तर दिलं. झाडावरच्या एका रातकिड्याचा नर पानाला भोक पाडतो, त्यात बसून गातो आणि आवाज मोठा करतो. ही युक्ती लहान, हळू आवाजाचे नरच जास्त वापरतात आणि माद्या त्यांच्याकडेही येतात.

यातून माणसांच्या लग्नांवर उडी मारायचा मोह मुलांना होतो. तिथे थांबवावंच लागतं. निसर्गात काय घडतं याचा शोध म्हणजे माणसानं कसं वागावं याचा सल्ला नव्हे.

शेवटची फेरी माळव्याची. तणमोर, इथल्या बोलीत खरमोर, पावसाळी गवताळ रानात विणीला येतो. गवतात लपलेला नर मादीला दिसावा म्हणून दीड-दोन मीटर उंच उडी घेतो. दिवसात शेकडो वेळा. त्याच्यासाठी सैलाना आणि सरदारपूर इथे 1983 साली अभयारण्यं झाली, तरी 2021 पासून तो नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या पक्ष्यांमध्ये गणला जातो. वर्गात माद्या बाकांमागे बसतात, नर उडी मारतात, प्रत्येक उडीला एक चिंचोका. दर फेरीला खडूची रेघ आत सरकते, कारण रान शेताखाली जातं. नर कोपऱ्यात अडकतात आणि मधल्या बाकांमागच्या माद्यांना ते दिसेनासे होतात. रेघ किती मागे घेतली म्हणजे पुढची पिढी उभी राहील, यावर मग मुलांचा वाद पेटतो आणि खडू त्यांच्याच हातात द्यावा लागतो.