कुठल्या डिसेंबरात जायचं?

डिसेंबर लागला की आमच्या घरात एका ठरावीक जातीचे सिनेमे सुरू होतात. नाताळ असतो, प्रेम असतं आणि कुणीतरी भलत्याच काळात येऊन पडलेलं असतं. सिनेमे थोर नव्हेत. शेवट पहिल्या दहा मिनिटांतच कळतो. नायिका दर प्रसंगाला गरम चॉकलेट पिते आणि बर्फ अगदी वेळेवर पडतो. घरातली तरुण मंडळी आमच्याकडे दयेने बघतात. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी मात्र मगरिबनंतर चहाचे कप घेऊन मुंब्र्यातून थेट अमेरिकेतल्या एखाद्या गावात शिरतो.

२०१९ सालचा ‘द नाइट बिफोर ख्रिसमस’ घ्या. यातला नाइट म्हणजे रात्र नव्हे, चिलखत घातलेला सरदार. नॉर्विचचा हा गडी १३३४ सालातून एका म्हातारीच्या करणीने आजच्या ओहायोत पोचतो आणि एका शिक्षिकेच्या प्रेमात पडतो. ‘जर्नी बॅक टू ख्रिसमस’मध्ये १९४५ सालची नर्स २०१६ मध्ये येते. ‘ट्वेल्व्ह डेट्स ऑफ ख्रिसमस’मध्ये नायिकेला नाताळच्या आदला दिवस पुन्हा पुन्हा जगावा लागतो, शहाणपण येईपर्यंत. या सगळ्यांचे आजोबा चार्ल्स डिकन्स. त्यांनी १८४३ मध्येच कंजूष स्क्रूजला त्याच्या लहानपणच्या नाताळात नेऊन उभं केलं होतं. आपल्याकडे २०१० च्या दिवाळीत ‘अ‍ॅक्शन रिप्ले’ आला होता. मूळ गुजराती नाटक. आईबापाचं जुळवायला मुलगा १९७५ मध्ये जातो. अक्षयकुमार, ऐश्वर्या, बेलबॉटम. आम्ही तोही हसत पाहिला. पण त्या गोष्टीला दिवाळीची गरज नव्हती, ती गरज तिकीटबारीला होती.

नाताळाच्या सिनेमांना मात्र नाताळ लागतोच. २५ डिसेंबर जागचा हलत नाही. झाड तेच, थंडी तीच, गाणी तीच. त्यामुळे दोन नाताळ शेजारी ठेवले की मधल्या काळात काय गेलं ते लगेच दिसतं. आपल्या ईदचं तसं नाही. ती दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि तेहेतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. तिला कालयंत्र कशाला हवं, ती स्वतःच मुसाफिर! २००० साली ती नाताळनंतर दोन-तीन दिवसांतच आली होती. पुन्हा तशी गाठ पडायची ती २०३३ च्या डिसेंबरात. त्यामुळे ‘कधीची गोष्ट’ हे मोजायला आमच्या दोन्ही माहेरांत नाताळचा खांब धरायची सवय लागली होती.

दोन्ही माहेरं म्हणजे, आमच्यातली एक गिरगावची, खोताच्या वाडीजवळची. तिथे लाकडी व्हरांड्यांवर कागदी तारे टांगले की अम्मी लोकरीचे कपडे उन्हात टाकायची. दुसरा परळच्या चाळीतला. तिथे बर्फाची ओळख वेगळीच. अब्बा गिरणीत साचेखात्यात होते. पाळी संपवून आले की केसांवर, भुवयांवर कापसाचे पांढरे तंतू. पहिल्यांदा इंग्रजी सिनेमात बर्फ पाहिला तेव्हा, ‘ही सगळी माणसं गिरणीतून आली का?’ असं विचारून शेजारच्यांना हसवलं होतं. आता लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल आहे. चिमणी तेवढी उभी आहे आणि डिसेंबरात तिथे झगमगीत नाताळचं झाड लागतं. तशा झाडांवर बर्फ म्हणून चिकटवतात तो बहुधा कापूसच. (कुरआनात बीबी मरियमला प्रसूतीच्या वेळी आधार असतो खजुरीच्या झाडाचा. बर्फाचा संबंधच नाही. पण सिनेमावाल्यांना कोण सांगणार?)

काळ ओलांडणारी माणसंही आम्हाला नवी नाहीत. असहाब-ए-कहफची गोष्ट दादीने सांगितलेली. गुहेत निजले ते तीनशे वर्षं, वर नऊ. त्यातला एकजण अन्न आणायला शहरात गेला आणि, दादी सांगायची, हातातल्या जुन्या नाण्याने ओळखू आला. मध्ये आम्ही दादरला टॅक्सीत बसून ‘एल्फिन्स्टन रोड’ म्हणालो तर तरुण ड्रायव्हर वळून बघू लागला. स्टेशनचं नाव २०१८ पासून प्रभादेवी. आमचं नाणं चाललं नाही.

सिनेमा संपला की आमचा एक खेळ असतो. कुठल्या डिसेंबरात जायचं? आमच्यातला परळचा नेहमी १९८१ म्हणतो. लग्नानंतरचा पहिला नाताळ. अब्बांचे साचे चालू होते. १८ जानेवारी १९८२ चा संप अजून व्हायचा होता. त्या संपानंतर अब्बा पुन्हा गिरणीत गेले नाहीत. गिरगावची २००० म्हणते. तेव्हा मुलगी केक आणि शिरखुर्मा एकाच आठवड्यात खाऊन आजारी पडली होती.

गेल्या वर्षी नातीने १९९२ म्हटलं. तिने शाळेच्या प्रकल्पासाठी श्रीकृष्ण आयोगाबद्दल वाचलं होतं. डिसेंबर आणि जानेवारी, दोन फेऱ्या, सुमारे ९०० माणसं. मधला नाताळ तिला हवा होता. ‘तेव्हा जाऊन सगळ्यांना सावध केलं असतं,’ ती म्हणाली. सिनेमात असंच करतात.

तो नाताळ आम्हाला आठवतो. आग शमल्यासारखी वाटत होती. समोरच्या खोलीतल्या ख्रिश्चन मावशींनी त्याही वर्षी निळ्या काठाच्या ताटलीत कुलकुल आणि नेवऱ्या पाठवल्या. चाळीतल्या पोरांनी डिसेंबरात जिन्याचं दार लावून, रात्र रात्र जागून आम्हाला राखलं होतं. जानेवारीत तीच पोरं मान खाली घालून म्हणाली, ‘भाभी, थोडे दिवस नातेवाइकांकडे जा.’ थोडे दिवस अजून चालू आहेत. खोली फेब्रुवारीत मिळेल त्या भावात गेली.

सावध कुणाला करायचं? आम्ही सावधच होतो. सगळी चाळ सावध होती.

भरून आलेली ताटली रिकामी परत करायची नाही, ही दोन्ही घरांची रीत. ती मार्चमधल्या ईदला शिरखुर्मा घालून द्यायची होती. सामानात ती आमच्याबरोबर मुंब्र्याला आली. काही वर्षांनी घेऊन गेलो तर चाळीच्या जागी पत्रे ठोकले होते आणि मावशी वसईकडे गेल्याचं पानवाल्याने सांगितलं. पत्ता त्यालाही माहीत नव्हता.

‘मग जाऊन काय करणार?’ नातीने विचारलं.

‘पंचवीस तारखेला संध्याकाळी जाऊ,’ गिरगावची म्हणाली. ‘ताटली लगेच धुऊ, घरात असेल ते घालू आणि त्याच रात्री देऊन येऊ.’

परळच्याने विचारलं, ‘घरात काय होतं?’

‘गूळ होता. खोबरं होतं.’

नातीने दुसरा सिनेमा लावला.