नाइट शिफ्ट, अरबी समुद्र

वाशीमला समुद्र नाही. खारं पाणी बघायचं तर शेजारच्या बुलढाण्यातलं लोणार, बस्स! त्यामुळे गोव्यात मरीन सायन्सला अ‍ॅडमिशन घेतली आणि थेट 'सिंधु साधना'वर पंधरा दिवस जायचं ठरलं, तेव्हा आजीचा प्रश्न रास्तच होता, "अन् बोटीवर काय करशीन वं तू?"

तर आजी, ऐक. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची ही ८० मीटरची बोट. माझी शिफ्ट रात्री बारा ते पहाटे चार. (कॉल सेंटरवाल्यांनो, तुम्हाला कळेल!) सीटीडी नावाचं यंत्र केबलने खाली सोडायचं. ते तापमान, क्षारता, खोली मोजत जातं, मिनिटाला साधारण ६० मीटर. भोवती बाटल्यांचं कडं. यंत्र वर येताना हव्या त्या खोलीवर क्लिक केलं, की एकेक बाटली बंद.

डेकवर आलं की पळापळ. पहिला मान ऑक्सिजनच्या सॅम्पलचा, कारण हवा लागली की आकडा बिघडला. नळी पार तळापर्यंत घालायची, पाणी ओसंडू द्यायचं, एकही बुडबुडा नको. तेही हलत्या डेकवर, पोटात ढवळत असताना. मग त्यात दोन रसायनं टाकायची. विंकलरची ही पद्धत १८८८ सालची, अजून चालते. ऑक्सिजन असेल तर साका तपकिरी, नसेल तर पांढरा.

वरच्या थराची बाटली मस्त तपकिरी झाली. तीनशे मीटरची? पांढरीफटक. अरबी समुद्राच्या मध्य-उत्तर भागात साधारण दीडशे ते हजार मीटरपर्यंत ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, हे पुस्तकात वाचलं होतं. पण हातातली पांढरी बाटली बघून अंगावर काटा आला, यार! वर प्लवक भरपूर वाढतात, मेले की खाली जातात, ते कुजवताना जीवाणू ऑक्सिजन संपवतात. पावसाळ्यात कमी ऑक्सिजनचं पाणी आपल्या किनाऱ्याकडे वर सरकतं आणि तळाशी राहणाऱ्या मासळीचे हाल होतात. म्हणून तो एक बुडबुडा महत्त्वाचा.

नातेवाइकांना अजून वाटतं, विदर्भातल्या पोरीचं समुद्रात काय काम? नागपूरला जन्मलेल्या अदिती पंत याच संस्थेच्या. भारतीय मोहिमेतून १९८३ मध्ये अंटार्क्टिकाला गेलेल्या पहिल्या दोन महिलांपैकी त्या एक, दुसऱ्या सुदीप्ता सेनगुप्ता. उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच दिलं गेलंय, आमच्या गल्लीत पोचलं नाही इतकंच.

परतल्यावर बाबांनी फोटो निवांत पाहिले. त्यांचं लक्ष सोयाबीनवर. म्हणाले, "आपला पाऊस इथूनच येते ना?"

"थोडा इथून, थोडा बंगालच्या उपसागराकडून."

"मंग तिकडं कधी जातं?"