सहजीवनाचा पुरावा

विवाहाचा पुरावा काय, असा प्रश्न आपल्याकडे पूर्वीं कोणी विचारीत नसे. माहुलीस वेण्णेला पोटांत घेऊन निघालेली कृष्णा सांगलीच्या घाटास लागते. तिच्याच कांठानें साताऱ्याच्या मुली सांगलीस आणि सांगलीच्या साताऱ्यास दिल्या जात. अक्षता पडल्या, चार माणसांनीं पाहिलें, कीं पुरावा पुरा झाला. कागद झालाच तर आहेराच्या यादीचा.

परंतु मुलीचें सासर समुद्रापलीकडे असलें म्हणजे या पुराव्यानें भागत नाहीं, हें गेल्या वर्षभरांत आम्हांस नीट उमगलें. आमची पुतणी साताऱ्याची. जांवई सांगलीचे, पण इंग्लंडांत नोकरी करून तेथें कायम राहण्याचा हक्क त्यांनीं मिळविलेला. लग्न झाल्यावर दोघांनीं बरोबरच जावें, असा त्यांचा मानस होता. पण पत्नी या नात्यानें व्हिसाचा अर्ज लग्नाआधीं करतां येत नाहीं, आणि त्याच्या निकालास बहुधा आठवडे नव्हे, महिने लागतात. तोंवर नवऱ्याची रजा कशी पुरावी? शिवाय त्याची तेथली नोकरी हाच अर्जाचा पाया. म्हणून जांवई पुढें गेले, मुलगी मागें राहिली.

या अर्जाचीं कलमें वाचतांना आम्हांस व्याकरणांतील सूत्रांची आठवण झाली. एकेक शब्द मोजून घातलेला. बोलावणाऱ्याची वार्षिक प्राप्ति किती असावी, याचा आंकडा २०१२ सालीं १८,६०० पौंड ठरला. ११ एप्रिल २०२४ पासून तो २९,००० झाला. पत्नी येथें कितीही मिळवती असो, तिची भारतांतील मिळकत त्यांत धरीत नाहींत. त्याखेरीज क्षयरोग नसल्याचा दाखला हवा. इंग्रजी बोलण्या-समजण्याची प्राथमिक परीक्षा हवी; इंग्रजींतून पदवी घेतल्याचा मान्य पुरावा असल्यास ती माफ होते. तेथील सरकारी वैद्यकीय सेवेपोटीं दरसाल १,०३५ पौंड, तेही सगळे आगाऊ. लग्नाच्या नोंदणीचा दाखला तर प्रथमच. सर्व विवाहांची नोंदणी व्हावी, असें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं सांगितलें. तरी मंगल कार्यालयाच्या पावतीइतकी निगाही पुष्कळ घरांत त्या कागदाची राखली जात नाहीं.

इथवर ठीक. खरी मेख पुढच्या कलमांत आहे. विवाह खरा आहे आणि तो नांदता आहे, हें दाखवा! मग पुतणी छायाचित्रें, प्रवासाचीं तिकिटें आणि रोजच्या संभाषणाच्या नोंदी तारीखवार लावावयास बसली. घरांतील वडील मंडळींस राग आला. नवराबायकोचें बोलणें परक्या कारकुनानें वाचावें काय? या रागास इतिहासाचाही आधार आहे. १९७९ सालीं लग्नासाठीं लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची, ती कुमारिका आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं, अंगतपासणी करण्यांत आली होती. पुढें १९९७ पर्यंत, लग्नाचा मुख्य हेतु इंग्लंडांत प्रवेश मिळविण्याचा नाहीं, हें वधूवरांनींच सिद्ध करावें असा नियम होता. अभाव सिद्ध करतांना नैयायिकांचीही दमछाक होते. तेथें सातारा-सांगलीच्या मुलांनीं काय करावें?

तरीही हा प्रश्न केवळ अपमानाचा म्हणून झिडकारावा, असें आम्हांस वाटत नाहीं. जेथें सप्तपदीचा विधि आहे तेथें सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण होतो, असें १९५५ चा हिंदु विवाह कायदाही सांगतो. अन्न, बल, धन, सुख, संतति, ऋतु यांचीं पावलें झाल्यावर हें सातवें पडतें, तें सख्यासाठीं. अन्नाची आणि धनाची चौकशी आपण सोयरीक जुळवितांना कसून करतों. सख्याची कोणी केली आहे? आमच्या वडिलांच्या पिढींत पतिपत्नींनीं चारचौघांत एकमेकांशीं बोलणेंही शिष्टसंमत नव्हतें. त्यांच्याकडे कोणी हा पुरावा मागितला असता, तर चाळीस वर्षांच्या संसारांतून किती चिठ्ठ्या निघाल्या असत्या? पुतणीच्या नोंदींत आम्ही डोकावलों नाहीं. पण त्या लावतांना ती दोनदां हंसली आणि एकदां डोळे पुसून उठली, एवढें आम्हीं पाहिलें.

आतां मुलींच्या आईबापांस एकच सांगणें आहे. हे कागद मुलीच्याच हातांत असूं द्या, आणि ते तिनें स्वतः वाचलेले असूं द्या. परवाना प्रथम ३३ महिन्यांचा मिळतो, पुढें ३० महिन्यांचा वाढवितां येतो, आणि पांच वर्षें भरल्यावर कायम वास्तव्याचा अर्ज करतां येतो. तोंवर तिचें तेथील राहणें नवऱ्याच्या नात्यावर अवलंबून. तिला नोकरी करण्याची मुभा असते, हें तिला ठाऊक हवें. नवऱ्याच्या छळामुळें संसार मोडला, तर पत्नीस स्वतःच्या नांवानें कायम वास्तव्य मागतां येतें, अशी तरतूद तेथील नियमांत आहे, हेंही ठाऊक हवें. मंगल प्रसंगीं अभद्र नको, म्हणून ही गोष्ट कोणी काढीत नाहीं. आम्हीं ती काढली. जांवयांनीं राग मानला नाहीं. उलट तें कलम शोधून त्यांनींच पुतणीस वाचून दाखविलें. सख्याचा याहून चांगला पुरावा कोणत्या सरकारास हवा?

अर्ज गेला आहे. निकाल यावयाचा आहे. तो अनुकूल लागला कीं तिला न्यावयास येण्यासाठीं जांवयांनीं दहा दिवसांची रजा राखून ठेविली आहे. बरोबर जाण्याचा हट्ट त्या दोघांनीं अद्याप सोडलेला नाहीं, आणि तो त्यांनीं सोडूं नये, असेंच आमचें मत आहे.