वऱ्हाडातला ऱ्ह

मेहकरच्या आमच्या छापखान्यात शिशाच्या खिळ्यांच्या केसचा एक कोपरा असा होता, की त्यात हात घालण्याची मुभा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोणाही नवख्या जुळाऱ्यास कधी दिली नाही. त्या लहानशा खणात पंधरा-वीसच खिळे असत आणि ते सगळे एकाच जोडाक्षराचे, ‘ऱ्ह’चे असत. इतर ठिकाणी या खिळ्याचे काम क्वचित पडत असेल. परंतु ज्या प्रांताचे नावच वऱ्हाड आणि ज्या प्रांतात लग्नास निघालेली मंडळीही वऱ्हाडच, त्या प्रांतातील छापखान्याची लग्नसराई एवढ्या खिळ्यांवाचून पार पडणे शक्यच नव्हते. ‘र’च्या जागी येणारी, मिटल्या डोळ्याच्या पापणीसारखी वळलेली ती रेघ हिंदीच्या खिळ्यांत नसते, म्हणून नवे खिळे मागवताना दादा पत्राच्या शेवटी स्वहस्ते ताकीद लिहीत, की संच मराठीच पाठवावा, हिंदी आल्यास परत केला जाईल. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत जो भेद आहे तो याच एका रेघेचा आहे, हे त्यांनी मला शाळेत जाण्यापूर्वी शिकवले होते.

हे प्रथम सांगण्याचे कारण असे, की पुढे जी हकिकत सांगावयाची आहे तीवरून मी नव्याचा द्वेष्टा आहे असा समज कोणाचा होऊ नये. आमच्या छापखान्यात संगणक आला तो १९९८ साली, आणि तो आणण्याचा आग्रह माझा नव्हता, सत्तरीला टेकलेल्या दादांचा होता. आयुष्यभर शिशाच्या संगतीत काढलेल्या त्या माणसाने खामगावच्या एका परिचिताच्या छापखान्यात दोन दिवस मुक्काम करून, संगणकावर पान कसे जुळते, चूक कशी दुरुस्त होते आणि मुख्य म्हणजे एकदा जुळवलेला मजकूर पुन्हा न मोडता कसा जपून ठेवता येतो, हे डोळ्यांनी पाहिले आणि घरी येऊन निर्णय सांगितला. तरीसुद्धा सहा महिने खिळे आणि संगणक अशी दोन्ही कामे शेजारीशेजारी चालली. कोणते काम नव्यावर न्यावयाचे आणि कोणते जुन्यावर ठेवावयाचे हे आम्ही अनुभवाने मुक्रर केले. पावतीपुस्तकांवर अनुक्रमांक घालण्यासाठी पायाचे ट्रेडल यंत्र तर आजही माझ्याकडे चालू आहे. खिळे वितळवावयास दिले त्या दिवशी दादा थोडे गप्प होते. पण तो बदल आमचा होता, आमच्या सोयीने, आमच्या मुदतीत आणि आमच्या संमतीने झालेला होता.

२००२ साली मी मराठी अक्षरांचा एक संच विकत घेतला. त्याच्याबरोबर अंगठ्याएवढे एक कुलूप येत असे. ते संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरची तार जोडतात त्या जागी बसवावयाचे आणि ते बसवल्याखेरीज अक्षरे उघडावयाची नाहीत, अशी त्याची व्यवस्था होती. पानांची मांडणी करण्यासाठी पेजमेकर होता. त्याची सातवी आणि अखेरची आवृत्ती २००१ साली निघाली, आणि पुढे कितीतरी वर्षे आमच्यासारख्या मराठी छापखान्यांचा संसार तिच्यावरच चालला. या जोडीवर मी सतरा वर्षांत हजारो लग्नपत्रिका, ग्रामपंचायतींचे नमुने, सप्ताहांची कार्यक्रमपत्रके, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल आणि शाळांच्या स्मरणिका छापल्या. त्यांतच एका सेवानिवृत्त शिक्षकांनी पैनगंगेच्या काठच्या गावांतून वीस वर्षे हिंडून, म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह होता. गुरुजी गेले, त्यांच्या हस्तलिखिताच्या वह्या घर बदलण्याच्या गडबडीत गहाळ झाल्या, छापलेल्या तीनशे प्रती कुठल्या कुठे पांगल्या. उरली ती माझ्या संगणकातली फाइल.

त्या काळच्या मराठी अक्षरसंचांची रचना कशी होती हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण माझ्या दुःखाचे मूळ तिथेच आहे. त्यांत ‘क’ हे अक्षर ‘क’ म्हणून साठवलेले नसे. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे, म्हणजे कुठे अर्धा ‘ख’, कुठे काना, कुठे रफार, बसवलेले असत. प्रत्येक कंपनीची ही वाटणी निराळी. फॉन्ट जागेवर असेल तर मराठी दिसावयाची. नसेल तर त्याच फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक सडा पडलेला दिसावयाचा. १९९१पासून आकारास आलेल्या युनिकोडने ही अव्यवस्था संपवली, प्रत्येक अक्षरास जगभर एकच क्रमांक दिला, त्यात आपल्या पापणीच्या ‘ऱ’चीही तरतूद केली, हे कार्य थोर आहे आणि त्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. परंतु जुन्या फाइलमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असे, युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर येते. रफाराचेही असेच उलटसुलट आहे. म्हणून जुन्यातून नव्यात जाणारा प्रत्येक शब्द मोडून पुन्हा जुळवावा लागतो, आणि जुळवणारा प्रोग्राम जर मराठी न जाणणाऱ्याने लिहिला असेल तर काय होते, ते मी भोगले आहे.

२०१७च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला आणि विवरणपत्रे भरण्यासाठी छापखान्यात इंटरनेट घेणे भाग पडले. चिरंजीवांनी नवा संगणक आणला, जुने कुलूप बसावे म्हणून त्यात खटपटीने एक जास्तीचे कार्ड घातले, आणि जुना संगणक कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवला. दोन वर्षे बरी गेली. मधूनमधून पडद्यावर कार्यप्रणालीच्या नव्या आवृत्तीची इतल्ला येई आणि मी ती पुढे ढकलीत असे. ढकलण्याची ही मुभा अमर्याद नाही हे मला ठाऊक नव्हते.

२०१९च्या वैशाखात, अक्षय्यतृतीया तोंडावर आली असताना, एका रात्री साडेदहाच्या सुमारास पडदा निळा झाला आणि संगणक बंद करू नका असा हुकूम त्यावर उमटला. टक्क्यांचे आकडे चढत होते, मध्येच थांबत होते, पुन्हा चढत होते; पहाटे अडीचपर्यंत मी त्यांच्यापुढे बसून होतो. सकाळी संगणक नव्या रूपात सुरू झाला, पण कुलूप त्याने ओळखले नाही. पत्रिकांच्या सात फाइली उघडल्या. सातही फाइलींत मराठीचा मागमूस नव्हता. ज्याच्याकडून अक्षरसंच घेतला होता त्या विक्रेत्यास दूरध्वनी केला, तेव्हा तो म्हणाला की जुन्या कुलपाला आता आधार नाही, नवी आवृत्ती घ्या, ती जुन्या फाइली आपोआप युनिकोडमध्ये नेते. दुसरा मार्ग नव्हता. मी पैसे भरले, दुपारी नवी आवृत्ती बसवली, मराठी परत दिसू लागली, आणि त्या दिलाशात, तीन रात्रींच्या जागरणाने चुरचुरणाऱ्या डोळ्यांनी एकदाच मुद्रित वाचून, जानेफळकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलीच्या चारशे पत्रिका छापून टाकल्या.

संध्याकाळी ते गृहस्थ आले. पत्रिका हातात घेऊन त्यांनी आधी कपाळाला लावली, मग चष्मा चढवून सावकाश वाचली, आणि एका जागी बोट ठेवून ते मला म्हणाले, “भाऊ, हे काय झालं? यातलं वऱ्हाड मोडलं ना.” मी पाहिले. ‘वऱ्हाड प्रस्थान’ या शब्दांत पापणीची रेघ नव्हती. तिच्या जागी ‘ह’च्या डोक्यावर रफार चढून ‘वर्हाड’ झाले होते. नवरदेवाच्या मामांचे आडनाव कुऱ्हाडे, त्याचीही तीच गत. ते गृहस्थ रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोसले असते. “परवा पहिली पत्रिका बालाजीपुढं ठेवाची हाये,” एवढेच ते म्हणाले आणि बाकावर बसून राहिले. शारंगधर बालाजीपुढे ठेवावयाची पत्रिका आमच्या छापखान्यातून अशुद्ध जावी, ही गोष्ट दादांच्या हयातीत कधी घडली नव्हती. त्यांचा तो खण, ते पंधरा-वीस खिळे, ती पत्रातली ताकीद, सगळे त्या क्षणी माझ्यापुढे उभे राहिले आणि मला त्या गृहस्थांकडे मान वर करून पाहवेना.

“बाबा, माळ्यावरचा काढतो,” चिरंजीव म्हणाले. धूळ झटकून जुना संगणक मांडला. आतली बॅटरी संपल्यामुळे त्याचे घड्याळ मागे जाऊन एक जुनेच साल दाखवत होते. कुलूप मूळच्या जागी बसवले, पेजमेकर उघडला, पत्रिकेची मूळ प्रत पेन ड्राइव्हवरून आणली, आणि पडद्यावर ‘वऱ्हाड’ जसाच्या तसा, आपल्या पापणीसह उभा राहिला. रात्री अकरा वाजता नवी प्लेट झाली, एकपर्यंत चारशे प्रती निघाल्या, त्यांतली पहिली पत्रिका त्या गृहस्थांनी पुन्हा सावकाश वाचून उपरण्यात गुंडाळली. चुकलेल्या पत्रिकांचे पैसे मी घेतले नाहीत.

त्यानंतर आमच्या घरात या विषयावर पुष्कळ वाद झाला. चिरंजीवांचे म्हणणे असे, की अद्यतने नाकारणे धोक्याचे आहे. आणि त्यांच्या बाजूने दाखलाही सबळ होता. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशेच्या आसपास देशांतले लाखो संगणक कुलूपबंद केले, त्या हल्ल्याची वाट बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच निघालेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती अशा पुष्कळांचे काम ठप्प झाले, इंग्लंडातल्या रुग्णालयांचेसुद्धा. हे मला मान्य आहे. पण १९ जुलै २०२४ रोजी संरक्षणासाठीच धाडलेल्या एका सदोष अद्यतनाने सुमारे ८५ लाख संगणक एका फटक्यात निकामी केले आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, तेव्हा मला त्या वैशाखातल्या रात्रीची आठवण झाली, आणि चिरंजीवही त्या दिवशी काही बोलले नाहीत.

माझे मागणे थोडे आहे. आमच्या भागात अजून धाब्याची घरे आहेत. मृग लागण्यापूर्वी धाब्यावर पांढरी माती टाकावी लागते, न टाकल्यास घर गळते, यात कोणाचे दुमत नाही. परंतु माती टाकावयास आलेल्या माणसाने खाली उतरून चुलीची जागा बदलावी, देवघराची भिंत पाडावी आणि धान्याच्या कणग्या अंगणात नेऊन ठेवाव्यात, हे कोणता घरधनी सहन करील? दुरुस्ती आणि फेरफार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ज्याला केवळ दुरुस्ती हवी आहे त्याच्या पदरात तिच्याबरोबर फेरफारही बांधून टाकतात, म्हणून फेरफाराला भ्यालेला माणूस दुरुस्तीलाही पाठ दाखवतो. आणि मग बेसावध, अडाणी अशी संभावना त्याचीच होते. त्याच्या हाती एक अर्धवट काम आहे, त्या कामाला तिथी-मुहूर्त आहे आणि त्या कामावर दुसऱ्या कोणाची तरी अब्रू अवलंबून आहे, हे दूर बसून आवृत्त्या सोडणाऱ्यांना दिसत नाही. आधी सांगावे, नाकारू द्यावे, आणि जुने काम जसेच्या तसे वाचता येईल याची हमी द्यावी. एवढ्या तीन गोष्टी झाल्या असत्या तर मी त्या रात्री स्वतः होऊन होकार दिला असता.

आता आमच्याकडे दोन संगणक आहेत. एक इंटरनेटवरचा, त्याची अद्यतने चिरंजीव लग्नसराई संपल्यावर, सगळ्या फाइलींच्या प्रती काढून मगच घेतात. दुसरा जुना, त्याला इंटरनेटची तार कधी जोडलेली नाही. त्याच्या कार्यप्रणालीचा, विंडोज एक्सपीचा, आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला आहे, आणि पंख्याचा आवाज दिवसेंदिवस वाढतो आहे. तो किती दिवस साथ देईल याची खात्री नसल्यामुळे गुरुजींच्या ओव्या युनिकोडमध्ये नेण्याचे काम मी हाती घेतले. आपोआप परिवर्तन नको म्हटले. नात जुन्या पडद्यावरची ओवी मोठ्याने वाचते, मी नव्या संगणकावर ती टाइप करतो, मग कागदावर मुद्रित काढून दोघेही ताडून पाहतो: वेलांटी, रफार, आणि विशेषतः पापणी. मराठीचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने ठरवून दिला आहे, पुष्कळ फॉन्ट आजही हिंदी वळणाचेच काढतात, म्हणून तेही पाहावे लागते. दिवसाला चार पाने होतात.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी नव्या संगणकातल्या विंडोज १०चीही मुदत संपली. त्याच्या पडद्यावर कोपऱ्यात सूचना येत असते. नात माझ्याकडे पाहते, मी मान हलवतो, ती सूचना बंद करून पुढची ओवी वाचावयास घेते. काल एकसष्टाव्या पानावर सासरी निघालेल्या लेकीची ओवी आली, त्यात वऱ्हाड आहे. नातीने तो शब्द मुद्रितात बोटाने दाबून धरला आणि म्हणाली, “आजोबा, बरोबर आहे.” मी चष्मा पुसून तो स्वतः पुन्हा एकदा पाहिला, आणि मग पान उलटले.